दर ठरतो, दाद लागत नाही

सप्टेंबर महिना सरत आला, की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ह्या शहरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा भरू लागतात. तळमजल्यावर गाड्या उभ्या करण्याच्या जागेत खुर्च्या मांडल्या जातात, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम होते आणि मार्चअखेरचा जमाखर्च सभासदांपुढे ठेवला जातो. लिफ्ट, सफाई, पहारा, सामायिक वीज ह्या रकमांवरून सभासदांची नजर फारशी न अडखळता खाली येते आणि 'पाणी-टँकर' ह्या एका ओळीवर येऊन थांबते. कोणी उठून विचारतो, की गेल्या वर्षीपेक्षा हा आकडा इतका कसा चढला. सेक्रेटरी सांगतात, की टँकरवाल्याने भाव वाढवला. त्यावर दुसरा विचारतो, की मग आपण तो मान्य का केला. आणि ह्या प्रश्नाला सभेतील कोणापाशीच उत्तर नसते, कारण मान्य करणे आणि अमान्य करणे ह्या दोहोंपैकी एकही गोष्ट संस्थेच्या हाती नव्हती. नव्या भावाची वर्दी एके दिवशी फोनवर आली, त्या दिवशी टाकीत तासाभराचे पाणी शिल्लक होते, आणि होकार देण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते.

आपल्याकडे पाण्याच्या खासगीकरणाची चर्चा निघाली, की एखादी बडी कंपनी, तिचा पंचवीस वर्षांचा करार, तिचे मीटर आणि तिची बिले असे चित्र डोळ्यांपुढे येते, आणि ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत तसे काही झालेले नाही म्हणून आपण ह्या संकटातून बचावलो, अशी समजूत रूढ आहे. कागदोपत्री ती खरी आहे. नळाचे पाणी येथे महानगरपालिका देते, पाणीपट्टी महानगरपालिका आकारते. पण माजिवड्यापासून गायमुखापर्यंतचा घोडबंदर रस्ता, डोंबिवलीच्या पूर्वेकडील गावे, दिवा आणि त्याच्या आसपासच्या वस्त्या येथे ज्या घरांची टाकी नळाने अर्धीमुर्धी आणि उरलेली टँकरने भरते, त्या घरांपुरता टँकर हाच पाण्याचा खासगी पुरवठादार होऊन बसला आहे. फरक एवढाच, की ह्या पुरवठादाराशी कोणाचा करार झालेला नाही, त्याचे दरपत्रक कोठे टांगलेले नाही आणि तो वर्षातून कितीदा भाव वाढवू शकतो ह्याला कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

भाववाढ घरापर्यंत कशी पोहोचते ते एका साध्या हिशेबाने पाहता येते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी केंद्र सरकारच्या अभियांत्रिकी संस्थेने दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण मानले आहे. शंभर सदनिकांची एक संस्था धरली आणि घरटी चार माणसे धरली, तर तिला दिवसाला ५४,००० लिटर पाणी लागते. नळाने त्यातले अर्धेच आले, तर उरलेल्या २७,००० लिटरसाठी दहा हजार लिटरचे तीन टँकर रोज उभे करावे लागतात. टँकरमागे भाव अवघा दोनशे रुपयांनी चढला, तर दिवसाचे सहाशे, महिन्याचे अठरा हजार, आणि सदनिकेमागे दरमहा एकशे ऐंशी रुपये वाढतात. दोनशे रुपयांची वाढ टँकरवाल्याच्या तोंडी लहान वाटते. तीच वर्षभरात दोनदा झाली, की निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या वृद्ध दांपत्याला मेंटेनन्सच्या बिलात ती औषधाच्या खर्चाशेजारी बसलेली दिसते. शिवाय बहुतेक संस्थांत हा खर्च सदनिकांवर सारखा वाटला जातो, त्यामुळे घरात एकटी राहणारी विधवा बाई आणि सहा माणसांचे कुटुंब एकाच रकमेचे धनी होतात, आणि पाण्याच्या वाटणीवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत जे बोलणे होते त्याचे मूळ बाहेरच्या भावात असते.

टँकर रिकामा होताना जवळून पाहावा. पहाटे किंवा रात्री उशिरा, रस्त्यावरची वाहतूक ओसरली असताना, तो फाटकाशी उभा राहतो. चालक खाली उतरून जाड रबरी नळी ओढत भूमिगत टाकीच्या झाकणापर्यंत नेतो, वॉचमन गाडीचा क्रमांक आणि वेळ वहीत टिपतो, मागच्या शिडीवर चढून वरचे झाकण उघडून आत विजेरीचा झोत टाकतो आणि पाणी काठापर्यंत आहे ना एवढे पाहून उतरतो. संस्थेच्या बाजूने होणारी तपासणी ती एवढीच. टँकरमध्ये खरोखरच दहा हजार लिटर मावतात काय, हे त्या शिडीवरून कळत नाही. पाणी विहिरीचे, बोअरचे की नळजोडणीवरून भरलेले, हे पावतीवर लिहिलेले नसते. ते पिण्यास योग्य आहे काय, ह्याचा दाखला कोणी मागितला तर आणून देणारा विरळाच. वॉचमनच्या वहीतील त्या दोन रकान्यांवर, गाडीचा क्रमांक आणि वेळ ह्यांवर, महिन्याला लाखाच्या घरातील बिल चुकते होते. महानगरपालिकेच्या नळावर मीटर बसवण्यासाठी आपण इतका आग्रह धरला, कोट्यवधी रुपये वेचले; ज्या पाण्याची किंमत अनेक पट आहे, त्याचे माप मात्र विजेरीच्या झोतावर सोडून दिले.

भाव चढण्याची कारणे ठरलेली आहेत. मे महिना लागला, विहिरी खाली गेल्या, की भाव चढतो. डिझेल महागले, की चढतो. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रस्त्यावर वाहतूक तुंबली, अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी झाली आणि टँकरच्या फेऱ्या घटल्या, की चढतो. मुख्य जलवाहिनी फुटली, किंवा ह्या भागाला पाणी देणाऱ्या औद्योगिक विकास महामंडळाने दुरुस्तीसाठी शुक्रवारी चोवीस तास पुरवठा बंद ठेवला, की त्या दिवसापुरता तरी चढतो. ह्यांतील बरीचशी कारणे खोटी नाहीत, आणि टँकर चालवणाऱ्यालाही चालकाचा पगार, गाडीचा हप्ता, चाकांची झीज भरून काढावी लागते, हे मान्य केलेच पाहिजे. रहिवाशांची तक्रार निराळी आहे. कारण संपल्यावर चढलेला भाव उतरत नाही. जून कोसळतो, विहिरी भरतात, वाहिनी सांधली जाते, आणि तरीही मे महिन्यातला भाव पुढच्या वर्षीच्या वाढीचा पाया म्हणून तसाच राहतो. ह्यावर कोणाकडे दाद मागावी, असे विचारले तर उत्तर येत नाही. महानगरपालिका म्हणते, खासगी व्यवहार आहे. पुरवठादार म्हणतो, परवडत नसेल तर दुसरा बघा. आणि दुसरा बघायला गेले, तर त्याचाही भाव त्याच आठवड्यात तेवढाच चढलेला आढळतो.

ही परवशता आली कोठून, हे समजण्यासाठी नळाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला पाहिजे. ठाणे शहराला एके काळी पोखरणच्या तलावाचे पाणी मिळे. पोखरण रोड ह्या नावात ती आठवण टिकून आहे. आज ठाणे महानगरपालिकेच्या क्षेत्राला दररोज सुमारे ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळते, आणि ते चार वाटांनी येते : पालिकेच्या स्वतःच्या योजनेतून २५०, औद्योगिक विकास महामंडळाकडून १३५, स्टेम कंपनीकडून ११५ आणि मुंबई महानगरपालिकेकडून ८५ दशलक्ष लिटर. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी दुसऱ्यांकडून विकत घेतलेले आहे, आणि पालिकेच्या मालकीचे एकही धरण नाही. शहाड-टेमघर ह्या दोन गावांच्या नावांतून स्टेम हे नाव पडले. ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर ह्या महानगरपालिका व ठाणे जिल्हा परिषद ह्यांनी मिळून काढलेली ही कंपनी, म्हणजे भागधारक सारे सार्वजनिक आणि रूप मात्र कंपनीचे. कल्याण-डोंबिवलीची स्थिती थोडी बरी, कारण उल्हास नदी दाराशी आहे आणि बारावे, नेतिवली व मोहिली येथे तिची स्वतःची जलशुद्धीकरण केंद्रे आहेत, त्यांची क्षमता अनुक्रमे १४४, १५० आणि १०० दशलक्ष लिटर; पण ते पाणी मुख्यतः जुन्या शहरासाठी. पूर्वेकडच्या गावांना पाणी देते ते औद्योगिक विकास महामंडळ, बारवी धरणातून, जांभूळच्या केंद्रावरून.

ज्या तालुक्यांत हे पाणी अडवलेले आहे, तेथील माणसांची अवस्था येथे नजरेआड करून चालणार नाही. तानसा, मोडकसागर आणि भातसा हे मुंबईचे जलाशय शहापूर तालुक्याच्या परिसरात, बारवी मुरबाडमध्ये. आणि दर उन्हाळ्यात शहापूर तालुक्याच्या पाड्यांवर शासनाचे टँकर फिरतात. मुरबाडमध्ये काळू नदीवर धरण बांधण्यास २०११ मध्ये वनखात्याची मंजुरी पुरी होण्याआधीच सुरुवात झाली, श्रमिक मुक्ती संघटनेने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवले. शहरातील सभांमधून 'काळू झाले, की प्रश्न मिटेल' असे ऐकू येते, तेव्हा ज्यांची शेते आणि घरे त्या पाण्याखाली जावयाची आहेत त्यांनाही एक बाजू आहे, हे शहराने विसरू नये असे मला मनापासून वाटते. दुसऱ्याचे गाव बुडवून मिळणाऱ्या पाण्याची प्रतीक्षा करण्याआधी मिळत असलेल्या ५८५ दशलक्ष लिटरांपैकी किती गळते आणि किती चोरले जाते, ह्याचा हिशेब मागणे अधिक न्याय्य आहे.

डोंबिवलीच्या पूर्वेकडच्या सत्तावीस गावांची कथा तर प्रशासकीय हेलपाट्यांचीच कथा आहे. १९८३ मध्ये कल्याणची महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तिच्यात घातली. ग्रामस्थांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये ती वगळली. २०१५ मध्ये पुन्हा घेतली. २०२० मध्ये त्यांतील अठरा गावे तोडून वेगळी नगरपरिषद करण्याचा हुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. ह्या चाळीस वर्षांत गोळवली, पिसवली, नांदिवली, सोनारपाडा, दावडी, भोपर, माणगाव येथे भातखाचरे गेली आणि चार-चार, सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्यांनी त्या बांधल्या त्यांना परवानगी कोणी दिली आणि ज्यांनी परवानगीवाचून बांधल्या त्यांना अडवले का नाही, ह्यांची उत्तरे प्रत्येक हद्दबदलाबरोबर एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात जाऊन हरवली. जलवाहिन्या मात्र जुन्या गावाच्या मापाच्याच राहिल्या. केंद्राच्या अमृत योजनेखाली येथे नव्या टाक्या आणि वाहिन्या मंजूर झाल्या, कामे रेंगाळली. ७ मे २०२२ रोजी संदप गावाजवळच्या खाणीच्या पाण्यात एकाच कुटुंबातील पाच जण बुडून मरण पावले. ते कपडे धुण्यासाठी तेथे गेले होते. गावात पुरेसे पाणी असते तर खाणीवर जाण्याचे कारण नव्हते, असे ग्रामस्थांनी त्या वेळी सांगितले, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे काही मला आढळलेले नाही.

घोडबंदर रस्त्यावर वेगळ्या रीतीने हेच घडले. येथील इमारती परवानगीनेच उभ्या आहेत, नकाशे मंजूर आहेत, वापर परवाने आहेत. पाण्याची पुरेशी तरतूद नसताना हे परवाने कसे दिले जातात, असा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि मे २०१७ मध्ये न्यायालयाने ह्या पट्ट्यातील नव्या बांधकामांना मनाई केली. ती मनाई कायम राहिली नाही, आणि त्यानंतर कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा येथे मनोरे वाढत गेले. पालिकेचे पाणी पुरेसे मिळेपर्यंत पाणी पुरवण्याची जबाबदारी विकासकाची, असे हमीपत्र घेण्याची पद्धत आहे. परंतु इमारत सहकारी संस्थेच्या ताब्यात गेली, की हे हमीपत्र कोणत्या कपाटात आहे हे खरेदीदाराला ठाऊक नसते. पहिली एक-दोन वर्षे विकासक टँकर लावतो, त्याचा खर्च सोसतो किंवा आगाऊ घेतलेल्या मेंटेनन्समधून भागवतो, आणि संस्था नोंदली जाऊन हिशेब सोपवला, की त्याच टँकरवाल्याचे बिल संस्थेच्या नावे येऊ लागते. ज्याने घर घेताना जाहिरातीत पोहण्याचा तलाव पाहिला होता, त्याला पिण्याच्या पाण्यासाठी आपण परक्याच्या मर्जीवर आहोत हे तेव्हा उमगते. परवाना देणारी संस्था आणि पाणी देणारी संस्था एकच असताना पहिल्या हाताने जे दिले ते दुसऱ्या हाताने पुरवता येत नसेल, तर तो परवाना हीच टँकरच्या धंद्याला दिलेली सनद ठरते, असे म्हणणे मला भाग आहे.

नळ आणि टँकर ह्यांचा संबंध कधी कधी याहून जवळचा असल्याचा संशय लोक बोलून दाखवतात, आणि तो केवळ चहाच्या टपरीवरचा नाही. भिवंडी तालुक्यातील कांबे गावच्या रहिवाशांनी उच्च न्यायालयात याचिका केली, की आपल्याला महिन्यातून दोनदा, तेही जेमतेम दोन तास पाणी मिळते, रोज मिळावे. स्टेमचे पाणी बेकायदेशीरपणे टँकरवाल्यांकडे वळते असा त्यांचा आरोप होता. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या सुनावणीत न्यायालयाने नियमित पाणी मिळणे हा नागरिकांचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे झाल्यावरही पाण्यासाठी लोकांना न्यायालयाची पायरी चढावी लागते ह्याबद्दल खेद व्यक्त केला. कांबे हे गाव ठाण्यापासून दूर नाही. खाडी ओलांडली, की भिवंडी तालुका लागतो.

मग रीतसर कंपनीच आणली तर, असा प्रश्न काही सुशिक्षित रहिवासी प्रामाणिकपणे विचारतात; निदान करार असेल, बिल असेल, मीटर असेल. महाराष्ट्राने हा प्रयोग करून पाहिला आहे आणि त्याचा अनुभव येथे सविस्तर सांगण्याजोगा आहे. लातूरचा पाणीपुरवठा २००८ मध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने दहा वर्षांसाठी खासगी कंपनीकडे सोपवला. मीटर आणि जोडणी ह्यांच्या खर्चावरून शहरात विरोध पेटला आणि मुदत पुरी होण्याच्या आधीच तो प्रयोग बंद पडला. नागपुरात १ मार्च २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी पंचवीस वर्षांच्या करारावर काम पाहते; तेथे दर ठरवण्याचा अधिकार महानगरपालिकेकडे राहिला, पण पालिकेच्या उपविधींतच दरवर्षी पाच टक्के वाढीची तरतूद आहे, त्यामुळे एप्रिल आला, की वाढ आपोआप लागू होते आणि ती थांबवायची तर सभागृहाला मुद्दाम ठराव करावा लागतो.

सर्वांत बोलका दाखला तेव्हाच्या औरंगाबादचा. जायकवाडीहून शहरापर्यंत समांतर जलवाहिनी टाकावयाची, शहराचा सारा पुरवठा वीस वर्षे कंपनीने सांभाळावयाचा, आणि ह्या सगळ्याचा खर्च निघावा म्हणून पाणीपट्टी दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवत न्यावयाची, असा तो बेत होता. २०१४ च्या सप्टेंबरात औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीने कारभार हाती घेतला. जलवाहिनी रखडली, तक्रारींचा ढीग झाला, आणि २०१६ मध्ये महानगरपालिकेने करार रद्द केला. कंपनी गेली. दर मात्र गेला नाही. करारात रुजलेली वार्षिक वाढ पाणीपट्टीला चढवत चढवत वर्षाला ४,०५० रुपयांपर्यंत घेऊन गेली होती, आणि तेवढी रक्कम भरूनही नळाला कित्येक दिवसांआड पाणी येई. २०२२ मध्ये ती निम्मी करून २,०२५ रुपये करण्यात आली, ती नागरिकांचा असंतोष अनावर झाल्यावर. जी वाढ नवी वाहिनी टाकण्यासाठी मान्य केली, ती वाहिनी न टाकताच वसूल होत राहिली. आणि हे सहा वर्षे चालले, कारण वाढ सूत्रात बसवलेली होती आणि सूत्राला कोणी प्रश्न विचारू शकत नव्हते. टँकरच्या फोनवरून येणारी वाढ आणि कराराच्या कलमातून येणारी वाढ ह्यांचे दोष ह्या एका ठिकाणी एकत्र येतात : दोन्ही ठिकाणी ज्याने पैसे द्यावयाचे त्याला त्या वेळी बोलण्याची जागा नसते.

अशी जागा निर्माण करणे अशक्य आहे काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. मुंब्रा, शीळ आणि कळवा ह्या ठाणे महानगरपालिकेच्याच भागांत १ मार्च २०२० पासून वीजवितरण टोरेंट पॉवर ह्या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून आहे. भिवंडीत ते २००७ पासून आहे. त्या व्यवस्थेविषयी रहिवाशांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, मोर्चे निघाले आहेत, आणि मी तिची तरफदारी करीत नाही. परंतु त्या कंपनीला युनिटचा दर स्वतःच्या मर्जीने एका पैशानेही वाढवता येत नाही. तो ठरवते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, त्यावर कोणाही ग्राहकाला लेखी हरकत घेता येते, सुनावणीत उभे राहून बोलता येते, आणि आयोगाला आपला आदेश कारणांसह द्यावा लागतो. २००३ च्या विद्युत कायद्याने हे बंधन घातले. एकाच घरात दिव्याच्या दरावर हरकत घेण्याचा हक्क आहे, आणि नळाखाली ठेवलेल्या हंड्याच्या दरावर नाही.

पाण्यासाठी नियामक नाही असे नाही. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले आणि धरणांतून घाऊक पाणी उचलणाऱ्यांचे दर ते ठरवते. भूजलाच्या कायद्याने राज्याचे भूजल प्राधिकरणही तेच आहे. म्हणजे बारवी आणि भातसा येथील घाऊक पाण्यावर त्याची नजर आहे, विहिरीच्या तळाशी असलेल्या पाण्यावरही आहे. मधल्या वाटेवर जो टँकर धावतो, त्याचा भाव मात्र कोणाच्याच कक्षेत बसवलेला नाही. इंग्लंडने १९८९ मध्ये आपल्या पाणी कंपन्या संपूर्ण विकून टाकल्या, आणि त्याचे परिणाम तेथील लोक आज भोगत आहेत. तरीही तेथे दर पाच वर्षांनी ऑफवॉट ही नियामक संस्था दराची कमाल मर्यादा ठरवते. डिसेंबर २०२४ मध्ये तिने पुढील पाच वर्षांसाठी सरासरी ३६ टक्के वाढ, महागाई वेगळी, मान्य केली तेव्हा देशभर संताप उसळला. तो संताप व्यक्त करण्यासाठी लोकांपुढे निदान एक आकडा, एक तारीख आणि एक सही होती.

टँकरच्या धंद्याला नियम लावू गेले, की काय होते, हे एप्रिल २०२५ मध्ये मुंबईने पाहिले. विहिरी आणि बोअर ह्यांतून पाणी उपसण्यासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला बंधनकारक होताच टँकरचालकांच्या संघटनेने पुरवठा बंद केला. गृहसंस्था, रुग्णालये, हॉटेले, बांधकामे अडली. अखेरीस मुंबई महानगरपालिकेने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन विहिरी आणि टँकर ताब्यात घेण्याचा हुकूम काढला, आणि संप मागे घेतला गेला. टँकरचालकांचीही त्यात एक रास्त बाजू होती, की दाखल्यासाठी लागणारी मोकळी जागा मुंबईत विहिरीभोवती दाखवणार कोठून. पण त्या चार-पाच दिवसांत हे स्पष्ट झाले, की प्रशासनाने मनावर घेतले तर टँकरच्या व्यवहारात हात घालण्याचे अधिकार त्याच्याकडे आहेत. ते केवळ आपत्तीच्या दिवशी वापरले जातात आणि एरवी हा खासगी व्यवहार आहे असे सांगून मिटवले जातात.

महानगरपालिकेच्या स्वतःच्या दरांबाबतही हीच गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे कर आणि दर २० फेब्रुवारीपर्यंत सभागृहाने ठरवावयाचे असतात. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्यात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, आणि त्यानंतर दीर्घ काळ दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकांकडे होता. ज्या खुर्चीने दरवाढ सुचवली तिनेच ती मंजूर केली. ह्या काळात वाढ झाली की नाही, हा प्रश्न त्या मानाने दुय्यम आहे. वाढीला विरोध करू शकणारा नगरसेवकच नव्हता, हे मूळ दुखणे. पाणीपट्टी कधीच वाढू नये, असे मी म्हणत नाही. वीज महागते, रसायने महागतात, औद्योगिक महामंडळाची थकबाकी साचते, आणि खर्चाखाली पाणी विकणारी पालिका वाहिन्या दुरुस्त करू शकत नाही, मग ज्यांना नळ पुरत नाही ते टँकरकडे वळतात. नळावर दोन रुपये वाढवून टँकरचे दोनशे वाचणार असतील, तर घोडबंदर रस्त्यावरचा रहिवासी ती वाढ आनंदाने देईल. त्याला त्यासाठी हिशेब दाखवला पाहिजे : किती पाणी विकत घेतले, कोणाकडून, कोणत्या भावाने, किती गळले, कोणत्या विभागाला किती दिले.

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते फारसे अवघड नाही. महानगरपालिकेने आपल्या हद्दीत पाणी विकणाऱ्या प्रत्येक टँकरची नोंद ठेवावी, भरण्याची ठिकाणे तपासून त्यांचे पाणी महिन्याला एकदा प्रयोगशाळेत पाठवावे, टँकरच्या धारणाशक्तीचे माप वैधमापन खात्याकडून शिक्कामोर्तब करून घ्यावे. उन्हाळ्याआधी, मार्च महिन्यात, टँकरचालक आणि गृहसंस्था ह्यांना समोरासमोर बसवून अंतरानुसार कमाल भाव ठरवून जाहीर करावा, आणि जूननंतर त्याचा फेरविचार करावा. विकासकांची हमीपत्रे इमारतवार लोकांना पाहण्यास खुली ठेवावीत, म्हणजे घर घेणाऱ्याला आधीच कळेल, की पाण्याचा भार कोणाच्या माथी आणि किती काळ आहे. औद्योगिक महामंडळ, स्टेम आणि मुंबई महानगरपालिका ह्यांच्याशी झालेले खरेदीचे दर अंदाजपत्रकासोबत छापावेत.

ह्या सर्वांत एका वर्गाचा विचार बहुधा मागे पडतो. गृहसंस्थेला निदान एक लेटरहेड असते, सेक्रेटरी असतो, वर्षातून एकदा सभा असते. दिव्यातील, मुंब्र्यातील, सत्तावीस गावांतील चाळींत आणि अनधिकृत इमारतींत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबापाशी ह्यांतले काहीच नसते. ते पाणी पिंपावर किंवा जारवर विकत घेते, थोडे थोडे घेते, म्हणून लिटरमागे सर्वांत महाग घेते, आणि भाव वाढला तर ते कोणाच्या जमाखर्चातही दिसत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने मुंबईतील अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी मिळालेच पाहिजे, वाटल्यास अधिक दराने द्या पण द्या, असा निर्णय दिला. घराच्या कागदावर पाण्याचा हक्क अवलंबून नाही, हे त्यातून ठरले. तोच न्याय येथे लागू करावयाचा असेल, तर दराविषयीची सुनावणी केवळ ठाण्याच्या पाचपाखाडीतील पालिका मुख्यालयात किंवा कल्याणच्या शंकरराव चौकातील कार्यालयात ठेवून भागणार नाही. ती दिव्यात, मानपाड्यात, कासारवडवलीत व्हावी, तिचे कागद मराठीत असावेत, आणि ती रविवारी ठेवावी. कारण इतर दिवशी येथील बहुतेक माणसे सकाळच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री उशिराच परततात.